अंगठा

"अंगठा कुठं द्यायचा तेवढं दाखवा, देतो," असं म्हणत मावशींनी हात पुढे केला. कागद वाचायला अजून सुरुवातही झाली नव्हती.

त्या कागल बाजूच्या एका गावातून एसटीनं आल्या होत्या. वय सत्तरच्या आसपास. साखरेच्या, म्हणजे मधुमेहाच्या, गोळ्यांसाठी दर महिन्याला या रुग्णालयात त्यांची फेरी असते. या वेळच्या तपासणीत थायरॉईड ग्रंथीला चालना देणारं टीएसएच किंचित वाढलेलं निघालं, ग्रंथीतून येणारं थायरॉक्सिन मात्र ठीक होतं, म्हणून एका संशोधनात भाग घ्याल का असं त्यांना विचारायचं होतं. निम्म्या लोकांना थायरॉईडची गोळी, निम्म्यांना हुबेहूब तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. कुणाला कुठली, हे वर्षभर पेशंटलाही कळणार नाही आणि तपासणाऱ्या डॉक्टरलाही नाही.

मी तिथं एथिक्स कमिटीची सदस्य म्हणून बसले होते. संमती कशी घेतली जाते ते पाहायला मला पाठवलं होतं. औषधचाचण्यांच्या 2019 च्या नियमांनुसार अशा कमिटीवर डॉक्टरांबरोबर कायद्याचा जाणकार लागतो, एक सामान्य नागरिक लागतो, आणि समाजशास्त्रज्ञ, तत्त्वज्ञ किंवा धर्मशास्त्राचा अभ्यासक यांच्यापैकी कुणीतरी लागतं. कॉलेजात 31 वर्षं तत्त्वज्ञान शिकवल्यामुळे ती खुर्ची माझ्याकडे आली. शिकवताना दान, त्याग, ऋण हे शब्द मला सोपे वाटायचे. मावशींचा पुढे आलेला हात पाहिल्यापासून ते सोपे राहिलेले नाहीत.

मीही थायरॉईडचीच पेशंट. रोज पहाटे साडेपाचला, उपाशीपोटी, 75 मायक्रोग्रॅमची गोळी. चहा अर्ध्या तासानंतर. गोळी सुरू होण्यापूर्वीची दोन वर्षं मला नीट आठवतात. पूजेला बसलं की डोळे मिटायचे ते झोपेनं. आवाज जड झाला होता, केस गळत होते, ऐन वैशाखात मी अंगावर शाल घेऊन बसायची. हा तमोगुण आहे, आपलीच साधना कमी पडते, असं स्वतःला बोलत राहिले. गोळी सुरू झाली आणि काही महिन्यांत पहाटेचा हरिपाठ पुन्हा तोंडात आला. हे कुणाच्या देण्यामुळे? 1891 साली इंग्लंडमधल्या न्यूकॅसलमध्ये जॉर्ज मरे या तरुण डॉक्टरानं मेंढीच्या थायरॉईड ग्रंथीचा अर्क एका 46 वर्षांच्या बाईला टोचायला सुरुवात केली. ती आजारी बाई त्या औषधावर पुढे 28 वर्षं जगली. तेवढ्या काळात 870 हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी तिला लागल्या. आता मेंढी लागत नाही, गोळी रसायनातून बनते. पण त्या बाईनं सुई टोचून घेतली म्हणून मी आज पहाटे जागी होते. ज्या मेंढ्यांना कुणी विचारलं नाही, त्यांचंही माझ्यावर देणं आहे.

मावशींना विचारायचं होतं त्या संशोधनाचा प्रस्ताव कमिटीत आला तेव्हा पहिला आक्षेप माझाच होता. औषध हाताशी असताना निम्म्यांना पोकळ गोळी कशी देता? ग्रंथींच्या आजारांच्या तज्ज्ञ डॉक्टरांनी 2017 साली प्रसिद्ध झालेला एक युरोपीय अभ्यास माझ्यापुढे ठेवला. पासष्टी गाठलेली आणि ओलांडलेली 737 माणसं, सगळ्यांचं टीएसएच थोडंसं वाढलेलं. वर्षानंतर पाहिलं तर खऱ्या गोळीनं रक्तातला आकडा खाली आला होता, पण थकव्यात दोन्ही गटांत फरक नव्हता. माझा आजार निराळा होता, माझं थायरॉक्सिनच घसरलं होतं. मात्र उतारवयातला प्रत्येक थकवा ग्रंथीचा नसतो, हे निम्म्या माणसांनी पोकळ गोळी घेतली म्हणून कळलं. आपल्याकडच्या पेशंटांबाबत तेच तपासायचं होतं. मी आक्षेप मागे घेतला. जिथं खरोखर माहीत नाही तिथं चिठ्ठ्या टाकण्यात अन्याय नाही. माहीत असल्याच्या थाटात एखाद्या म्हातारीला जन्मभर गोळ्या चारणं, हा अन्याय आहे. मसुद्यात 'यादृच्छिकीकरण' असा शब्द होता, तो मात्र मी काढायला लावला. तिथं आता 'चिठ्ठ्या टाकून' असं आहे.

आता दानाबद्दल. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत, त्यांतले दोन असे. परतफेडीची आशा न धरता, द्यायला हवं म्हणून दिलेलं ते सात्त्विक. फळावर डोळा ठेवून किंवा क्लेश मानून दिलेलं ते राजस. चाचणीत भाग घेणारा माणूस आपल्या वाट्याला काय येणार हे न कळता आपलं शरीर देतो, आणि त्याचा लाभ त्यानं कधी न पाहिलेल्या लोकांना होतो. वरवर पाहता याहून सात्त्विक दान सापडायचं नाही. देहदानाच्या कार्यक्रमांत दधीची ऋषींचं नाव घेतात ते याच भावनेनं.

मावशींच्या अंगठ्यात मला मात्र दधीची दिसले नाहीत. एकलव्य दिसला. द्रोणांनी मागितला आणि त्यानं उजव्या हाताचा अंगठा हसतमुखानं कापून दिला. कुणी त्याचा हात धरला नव्हता, कुणी धमकी दिली नव्हती. मी वर्गात वर्षानुवर्षं याला गुरुभक्ती म्हणत आले. आता म्हणवत नाही. ज्याला आपण देव मानलं त्यानंच मागितल्यावर 'नाही' हा शब्द तोंडात येऊच शकत नसेल, तर 'हो' या शब्दाला किंमत कुठून येणार? द्रोणांचा दोष अंगठा मागण्यात होताच. त्याहून मोठा दोष मला असा दिसतो की, समोरचा नाही म्हणू शकणार नाही हे माहीत असताना त्यांनी मागितला. "डॉक्टरसाहेब म्हणतील तसं" हे वाक्य आपल्या दवाखान्यांत दिवसातून शंभरदा ऐकू येतं आणि आपण त्याला विश्वास म्हणतो.

याहून अवघड उदाहरण आपल्याच देशात आहे. 1956 मध्ये हिमालयाच्या पायथ्याशी, कांगडा खोऱ्यात, वैद्यकीय संशोधक व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे एक लाख वस्तीच्या मुलखाचे तीन भाग केले. दोन भागांना आयोडीनचं मीठ, एका भागाला साधं. तिथल्या माती-पाण्यात आयोडीन कमी, त्यामुळे गळ्याला गलगंड असलेली माणसं घरोघरी होती. 1962 पर्यंत आयोडीनच्या दोन्ही भागांत गलगंड स्पष्ट घटला, साध्या मिठाच्या भागात जवळपास होता तसाच राहिला. मग त्या भागालाही आयोडीनचं मीठ मिळालं आणि तिथंही तो उतरला. त्याच 1962 साली देशाचा गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. आज आपण भाजीत जे मीठ घालतो त्याच्यामागे हे खोरं आहे.

पण ती सहा वर्षं? आईच्या शरीरात आयोडीन कमी असलं तर पोटातल्या बाळाच्या मेंदूची वाढ खुंटू शकते. गलगंड पुढे उतरतो, मेंदूचं ते नुकसान उतरत नाही. आणि आयोडीनचा गुण तेव्हा नवा नव्हता. अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात 1917 पासून शाळकरी मुलींवर तो सिद्ध झाला होता, स्वित्झर्लंडनं 1922 मध्ये मिठात आयोडीन घातलं होतं. अभ्यास झाला नसता तर तिन्ही भाग तसेच राहिले असते, हे खरं. आपल्या मिठात, आपल्या हवेत आयोडीन टिकतं हे दाखवल्याशिवाय एवढ्या मोठ्या देशाचं सरकार हललं नसतं, हेही पटतं. तरी पोटातल्या बाळाला विचारता येत नाही. त्याच्याकडून जे गेलं त्याला मी दान म्हणणार नाही. माणसांवरच्या संशोधनाची नैतिक तत्त्वं सांगणारा हेलसिंकीचा जाहीरनामा आला त्यानंतर, 1964 मध्ये.

असं न विचारता जे घेतलं त्याला शब्द एकच सापडतो, ऋण. आपल्या परंपरेनं माणसाच्या माथ्यावर तीन ऋणं ठेवली, त्यातलं ऋषिऋण ज्ञानाचं. ज्यांच्यामुळे कळलं त्यांचं ते देणं, आणि ते फेडायचं स्वाध्यायानं. ग्रंथींच्या विद्येत मला ऋषी दिसतात ते कांगड्यातले साधं मीठ खाणारे लोक. आणि ऋण फेडायचं कसं, ते एका शल्यविशारदाकडून कळतं. स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या थिओडोर कोखर यांनी 1874 मध्ये एका 11 वर्षांच्या मुलीची अख्खी थायरॉईड ग्रंथी काढली. गळा बरा झाला आणि मुलगी मंद, सुजट होत गेली. काही वर्षांनंतर हे कानावर आल्यावर कोखरनी आपले जुने पेशंट परत बोलावून तपासले आणि 1883 मध्ये बर्लिनला शल्यविशारदांच्या भरसभेत आपल्या हातून काय झालं ते मांडलं. पुढे अशी अख्खी ग्रंथी ते कॅन्सरखेरीज काढत नव्हते. कोखर श्रद्धावान ख्रिस्ती होते. 1909 चं नोबेल त्यांना मिळालं, पण मी त्यांना नमस्कार करते तो बर्लिनच्या त्या भाषणासाठी. ऋण फेडायची सुरुवात अशीच होते: ज्यांच्याकडून घेतलं त्यांना पुन्हा बोलावणं, पाहणं, आणि जे घडलं ते न लपवता सांगणं. आमच्या कमिटीनं आता अट घातली आहे की संशोधनाचा निष्कर्ष, चांगला निघो वा वाईट, भाग घेतलेल्या प्रत्येकाला मराठीत कळवायचा.

त्या दिवशी मी तरुण डॉक्टरांना थोडा वेळ बाहेर थांबायला सांगितलं. साक्षीदार म्हणून रुग्णालयाबाहेरच्या एक बाई होत्या. कागद सावकाश वाचला, पाऊण तास गेला. मावशी ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "बाई, नाही म्हटलं तर साखरेच्या गोळ्या बंद करतील व्हय?"

"नाही. तसं इथं लिहिलंय." ते वाक्य मी पुन्हा वाचून दाखवलं. त्यांनी ते तिसऱ्यांदा वाचायला लावलं.

"मग लेकीला इचारून येतो," असं म्हणून त्यांनी हात पदराखाली घेतला.

पुढच्या महिन्यात त्या लेकीला घेऊन आल्या आणि डॉक्टरांना म्हणाल्या, नको. डॉक्टर बरं म्हणाले. साखरेच्या गोळ्या त्यांना नेहमीच्याच खिडकीवर मिळाल्या.