वाचा गेली तरी विचार उरतो का?

पक्षाघातात मेंदूच्या भाषा सांभाळणाऱ्या भागाला इजा झाली की बोलणे, ऐकलेले समजणे, वाचणे आणि लिहिणे या चारही क्रिया कमी-अधिक बिघडतात. या अवस्थेला वाचाघात म्हणतात. जीभ, ओठ आणि स्वरयंत्र शाबूत असूनही हवा तो शब्द सापडत नाही, किंवा भलताच शब्द तोंडातून निघतो. पक्षाघात झालेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश जणांना सुरुवातीला वाचाघात होतो. बहुतेकांच्या भाषेचा भार मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागावर असतो, त्यामुळे वाचाघाताच्या जोडीला अनेकदा उजवा हात आणि पायही लुळा पडतो. जळगाव-धुळ्याच्या गावांत लकवा मारला आणि वाचा गेली, एवढ्यात हे सारे सांगून होते. मग घरातले हळूहळू त्या माणसाला विचारणे सोडून देतात, कारण त्याला आता काही कळत नाही असे गृहीत धरले जाते. या समजुतीमागे एक जुना तात्त्विक प्रश्न आहे : शब्दाशिवाय ज्ञान असते का?

पाचव्या शतकाच्या सुमारास भर्तृहरीने ‘वाक्यपदीय’ या ग्रंथात या प्रश्नाला ठाम नकार दिला. त्याच्या मते लोकव्यवहारात शब्दाच्या सोबतीशिवाय एकही प्रतीती येत नाही. सगळे ज्ञान शब्दाने ओवलेले असते. हे मत शब्दशः घेतले तर वाचाघात म्हणजे ज्ञानाचाच लोप ठरेल. मीमांसक कुमारिल भट्टाने वेगळी बाजू मांडली. वस्तूचे पहिले दर्शन नाव, जाती असे कोणतेही विशेषण न जोडता होते, आणि तान्ह्या मुलाचे व मुक्याचे ज्ञान अशाच प्रकारचे असते, असे तो सांगतो. नैयायिकांनीही हे निर्विकल्प प्रत्यक्ष मान्य केले. म्हणजे बोलू न शकणारा माणूस ज्ञाता असू शकतो का, हा मुद्दा भारतीय दर्शनांनी रुग्णालये उभी राहण्याच्या कितीतरी आधी वादाला घेतला होता.

या वादाला प्रत्यक्ष पुरावा मिळू लागला तो एकोणिसाव्या शतकात. 1861 मध्ये पॅरिसमध्ये पॉल ब्रोका यांनी लबोर्न्य नावाच्या रुग्णाची हकीकत मांडली. कित्येक वर्षे त्याच्या तोंडून जवळजवळ ‘तां’ एवढाच उच्चार निघत असे. तरी त्याला विचारलेले बरेचसे समजे, घड्याळातली वेळ कळे आणि आकडे तो बोटांनी दाखवी. 1874 मध्ये कार्ल वेर्निके यांनी उलट प्रकार दाखवला : बोलणे भरभर चालते, पण शब्द चुकीचे येतात आणि दुसऱ्याचे बोलणे नीट उमगत नाही.

2005 मध्ये इंग्लंडमध्ये रोझमेरी व्हार्ली आणि सहकाऱ्यांनी तीव्र वाचाघाताच्या तीन रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. माणसाने सिंहाला मारले की सिंहाने माणसाला, हा वाक्यातला फरक त्यांना पकडता येत नव्हता. पण कोणत्या संख्येतून कोणती वजा करायची आहे, हे ते अचूक ओळखत आणि कंसांची गणितेही सोडवत. कर्ता-कर्माचा क्रम भाषेत हरवला होता, गणितात तो जागेवर होता.

यावरून भर्तृहरी खोटा ठरला असे म्हणणे घाईचे होईल. त्याने वाणीचे तीन स्तर मानले. वैखरी कानाला ऐकू येते, मध्यमा मनात चालते, आणि पश्यंतीत शब्दांचा क्रमच उरलेला नसतो. पुढे परा जोडली गेली आणि चार वाचांची ही मांडणी मराठी संतपरंपरेत रुजली. ज्ञानेश्वरांच्या ‘अमृतानुभवा’तील तिसरे प्रकरण चार वाचांच्या ऋणाविषयीच आहे. रुग्णालयात तपासली जाते ती वैखरी आणि काही अंशी मध्यमा. क्रमरहित पश्यंती कोणत्याही चाचणीत सापडणार नाही. मात्र एक गोष्ट निश्चित झाली : व्याकरणाने बांधलेली भाषा ही सगळ्या विचाराची पूर्वअट नाही. इजा मोठी असेल तर तर्क, नियोजन, लक्ष यांतही अडचण येते. पण ती आहे की नाही हे स्वतंत्रपणे तपासावे लागते, न बोलण्यावरून ठरवता येत नाही.

श्रद्धाळू घरात यापुढचा प्रश्न अधिक जिव्हाळ्याचा असतो : हरिपाठ म्हणणाऱ्याची वाचा गेली तर त्याची उपासना संपली का? स्वतःचे नाव सांगता न येणारे काही रुग्ण पाठ असलेली आरती किंवा प्रार्थना मात्र म्हणून जातात. ह्यूलिंग्ज जॅक्सन या इंग्रज वैद्याने एकोणिसाव्या शतकातच आपोआप येणारे बोलणे आणि अर्थ जुळवून केलेले बोलणे यांत भेद केला होता. असा आपोआप आलेला नामोच्चार खरा का, असा संशय घेतला जातो. भागवतातील अजामिळाने मुलाला हाक मारताना नारायण म्हटले आणि तेवढ्याने तो तरला. परंपरेने उद्देशाशिवाय घेतलेले नावही वाया घालवलेले नाही. दुसऱ्या बाजूला मनुस्मृतीने जपाच्या प्रकारांत मानसजप सर्वांत श्रेष्ठ ठरवला आहे. वाचाघातात मनातले बोलणेही बिघडू शकते, म्हणून मानसजपही प्रत्येकाला जमेलच असे नाही. काहींच्या बाबतीत मात्र आतले शब्द बाहेरच्या शब्दांपेक्षा जास्त टिकलेले आढळतात. इंग्रज लेखक सॅम्युअल जॉन्सन याला जून 1783 मध्ये रात्री झटका आला, तेव्हा बुद्धी शाबूत राहू दे अशी प्रार्थना त्याने लॅटिन पद्यात मनाशी रचली. त्या ओळी फार चांगल्या साधल्या नाहीत हे त्याचे त्यालाच कळले, आणि त्यावरून बुद्धी ठीक असल्याचे त्याने ताडले. त्या वेळी त्याला बोलता येत नव्हते.

तापी-पूर्णेच्या संगमावरील चांगदेव हे गाव आणि जवळची मुक्ताबाईची समाधी यांमुळे जळगाव जिल्ह्याला एक कथा परिचित आहे. ज्ञानदेवांना कोणता मायना लिहावा हे न सुचल्याने चांगदेवांनी कोरेच पत्र पाठवले. चांगदेव इतकी वर्षे जगून कोराच राहिला, असे मुक्ताबाई म्हणाली. ज्ञानदेवांनी मात्र त्याच कोऱ्या पत्राला पासष्ट ओव्यांचे उत्तर लिहिले. मुक्याचे मौन रिकामे समजायचे की उत्तराला पात्र, ही निवड ऐकणाऱ्याची असते.

ही निवड नीट करायची तर तपासणी न्याय्य हवी. वाचाघाताच्या प्रमाणित चाचणीत बोलण्याचा ओघ, आकलन, ऐकलेले पुन्हा म्हणणे आणि वस्तूंची नावे सांगणे हे घटक पाहतात. खानदेशात ही तपासणी केवळ प्रमाण मराठीत केली तर फसते. धुळ्याकडे अहिराणी, रावेर-यावल भागात लेवा गणबोली आणि सातपुड्याच्या पायथ्याला भिली व पावरी घरात बोलली जाते. केळ्याचा घड दाखवल्यावर रुग्ण ‘केयी’ म्हणाला, तर ‘ळ’च्या जागी ‘य’ आला म्हणून त्याला चूक धरणे अन्यायाचे आहे; तो त्याच्या बोलीत अगदी बरोबर बोललेला असतो. मुलीला ‘आंडेर’ म्हणणाऱ्याचेही तेच. वाचन-लेखनाच्या गुणांचेही असेच आहे. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी (1880-1951) यांना अक्षरओळख नव्हती, तरी त्यांच्या वाणीची थोरवी महाराष्ट्र जाणतो. निरक्षराला वाचता आले नाही म्हणून त्याचा आजार वाढवून लिहू नये. दोन-तीन भाषा बोलणाऱ्याची कोणती भाषा आधी परतेल याचाही एकच नियम नाही. लहानपणची टिकते असे अभ्यासक रिबो यांनी सुचवले, रोजच्या वापरातली आधी येते असे दुसरे अभ्यासक पित्र यांनी 1895 मध्ये मांडले, आणि दोन्ही प्रकारचे रुग्ण आढळतात. म्हणून प्रत्येक भाषा वेगळी तपासावी लागते.

उपचाराचा आधार सराव आहे. पहिल्या काही महिन्यांत सुधारणा सर्वाधिक होते, पण त्यानंतर दार बंद होत नाही. 2017 मध्ये जर्मनीतील 156 रुग्णांवरील चाचणीत, झटक्याला सहा महिन्यांहून अधिक काळ लोटलेल्यांना तीन आठवडे, आठवड्याला किमान दहा तास वाचोपचार दिले, तेव्हा त्यांचे रोजच्या व्यवहारातले बोलणे सुधारले. अमेरिकेत 1973 पासून लय व सुरावर आधारलेली एक पद्धत वापरात आहे : साधे वाक्य सुरात म्हणायचे, डाव्या हाताने ठेका धरायचा आणि हळूहळू सूर कमी करत बोलण्यावर यायचे. ओवी आणि भजन अंगवळणी पडलेल्या खानदेशी माणसाला अशा सरावाची ओढ वाटणे स्वाभाविक आहे. पाठ असलेले भजन म्हणणे आणि नवे वाक्य रचणे यांत अंतर असते, म्हणून भजनाच्या जोडीला प्रशिक्षित वाचोपचारतज्ज्ञ हवाच.

कायद्याची भूमिका या बाबतीत स्पष्ट आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये वाचाघातामुळे आलेले कायमचे अपंगत्व वाचा व भाषेच्या दिव्यांगत्वात धरले आहे. बोलू न शकणाऱ्या साक्षीदाराला लिहून किंवा खुणांनी साक्ष देता येते. न्यायालय ज्याची खूण ग्राह्य धरते, त्याची खूण घरानेही ग्राह्य धरली पाहिजे. शेत विकणे, औषध बदलणे, नातीचे लग्न ठरवणे या गोष्टी त्याला त्याच्या बोलीत, लहान वाक्यांत, चित्र किंवा वस्तू दाखवून विचाराव्यात. हो की नाही हे दोनदा पडताळून घ्यावे, आणि उत्तराला लागेल तेवढा वेळ द्यावा.