रुक्मिणीच्या ओटीतला खण

माझं आर्वीत शिलाईचं दुकान आहे, आणि कार्तिकातल्या एका रात्रीपुरता मी रुक्मिणी असतो. वर्धा नदीच्या पलीकडे कौंडण्यपूर, म्हणजे तिचं माहेर. आषाढीला तिथून तिची पालखी पंढरपूरला जाते. कृष्णानं तिला तिथल्याच अंबिकेच्या देवळातून नेलं, असं आम्ही सांगतो. अमरावतीकर सांगतात, आमच्या अंबादेवीच्या देवळातून. हा वाद मिटू नये. त्यावर दोन्हीकडच्या मंडळींचे खेळ चालतात.

आमच्या गावच्या खेळात अजून बाई काम करत नाही. मी मिशी काढतो, नऊवारी नेसतो. शिशुपाल दरवर्षी संवाद विसरतो, रुक्मी गरजेपेक्षा जास्त ओरडतो. पण हरणाच्या आधी रुक्मिणी देवीच्या दर्शनाला निघाली, की खेळ आपोआप थांबतो. समोरच्या बाया उठतात आणि माझी ओटी भरतात. तांदूळ, नारळ, खण, कुणी अकरा रुपये. लेक सासरी चालली, तिला रिकामी कशी पाठवायची? यांतल्या कितीतरी जणींनी लग्न जमावं म्हणून एकनाथांच्या ‘रुक्मिणीस्वयंवरा’चं पारायण केलेलं असतं. नाथांनी ते 1571 साली काशीत लिहिलं, पण त्यातलं माहेर आमचं.

एकदा एका म्हातारीला मी हळूच विचारलं, “काकी, मले ओळखलं का?”

“तुले काहून नाई ओळखनार? दोन पोलकी टाकली हायेत तुयाकडं, अजून देली नाई. आता चूप राह्य, ओटी भरू दे.”

म्हणजे ती फसलेली नव्हती. पोलकी अडवून बसलेला शिंपीही तिला दिसत होता आणि रुक्मिणीही. एकीसाठी दुसऱ्याला पुसावं लागलं नाही.

खरी पंचाईत सकाळी होते. मिशी नसलेला एक माणूस खणांच्या ढिगासमोर बसलेला असतो. हे खण कोणाचे? बायको त्यांतला एकही अंगाला लावत नाही. देवीला वाहिलेलं आहे, म्हणते. कीर्तनकार बुवांच्या मते तो प्रसाद, खुशाल वापरावा. शेजारची आजी महानुभाव. कृष्ण तिच्याही पंचकृष्णांतला, पण ओटी भरायला ती उठत नाही. रिद्धपूरला जाऊन गोविंदप्रभूंच्या स्थानांपुढे ती डोकं टेकवते, कारण तिथं देवाचा स्पर्श झाला आहे. “या कापडाले कोनाचा हात लागला? तुया,” असा तिचा हिशेब. या तिघांत सगळ्यात काटेकोर विचार मला तिचाच वाटतो.

ज्ञानेश्वरीच्या तिसऱ्या अध्यायात बहुरूप्याचा दाखला येतो. तो राजा होतो, राणी होतो, मनात मात्र ना पुरुषपण ना बाईपण, लोकांपुरतं सगळं रीतसर करतो. जाणत्यानं कर्म असं करावं. नटासाठी याहून नेमका सल्ला नाही, आणि तो मी पाळतो. पण त्यात नट सुटतो, ओटी भरणारीचं काय? तिनं तर काही सोंग घेतलेलं नव्हतं. तिचे तांदूळ खरे होते.

आणि आमचा कृष्ण. तो एका मोठ्या शेतकऱ्याकडे सालदार आहे. खेळाआधी आठवडाभर दारू-मटण बंद ठेवतो. मुकुट चढला की मालकीण वाकून त्याच्या पाया पडते, मनापासून. सकाळी त्याच अंगणात तो ढोरं सोडायला येतो, तेव्हा त्याला चहा ओसरीखालीच मिळतो. लोक म्हणतात, नमस्कार देवाला होता, तो देवाला पोचला, विषय संपला. मला हे पटत नाही. माझ्या ओटीत पडलेला दीड हात कपडा घटकाभरात एवढा पवित्र होतो, की माझी बायको वर्षभर त्याला कात्री लावू देत नाही. मग अख्खी रात्र कृष्ण होऊन उभ्या राहिलेल्या माणसाला काहीच कसं चिकटत नाही? देवपण जर लागत असेल तर दोघांना लागावं, नसेल तर खणालाही लागू नये. कापडाला जे आपण सहज देतो ते सालदाराला देताना अंगणाची पायरी का आडवी येते, याचं उत्तर बुवांनी मला दिलेलं नाही. विचारलं तेव्हा त्यांनी पेटी जवळ ओढली.

यंदा मी बायकोला न विचारता कात्री लावली. सालदाराच्या दोन्ही मुलींना त्या खणांची पोलकी शिवली, उरलेल्याचं मुकुटाला अस्तर. बायको दोन दिवस बोलली नाही. मालकिणीनं आपला खण मुलीच्या अंगावर बरोबर ओळखला, आणि “कोनी शिवलं व?” एवढंच विचारलं.

आजीनं मात्र मला धरलं. “शिलाई घेतली का?”

“नाही.”

“काहून? नुसतं कापड असतं तं घेतली असती. म्हंजे तूही त्याले देवाचंच समजते.”

शिलाई घ्यायला हवी होती, असं तिचं अजून म्हणणं आहे. त्यावरून आमचं रोज संध्याकाळी वाजतं.