दक्षिणेची खिडकी बुजवू नकोस

कोल्हापूर,
१३ नोव्हेंबर

चि. सौ. छकुलीस आणि जावईबापूंना,
मामाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तुझा आवाज रडवेला झाला, तेव्हापासून तुझं घरच डोक्यात आहे. फोनवरचं बोलणं हवेत विरतं, म्हणून बसून लिहितोय. तू पाठवलेला नकाशा मोठा छापून आणला आणि टेबलावर पसरला आहे. दार दक्षिणेला, हॉल आग्नेयेला, सासूबाईंची खोली नैऋत्येला, स्वयंपाकघर वायव्येला आणि तुमची खोली ईशान्येला. वास्तू बघायला आलेले ते गृहस्थ सांगून गेले की स्वयंपाकघर फोडून हॉलच्या कोपऱ्यात आणा, सासूबाईंच्या खोलीची दक्षिणेची खिडकी बुजवा आणि दारावर पिरॅमिड बसवा. पझेशन मिळून महिना झाला नाही आणि तुला त्या घराची भीती वाटायला लागली. मला त्याचंच जास्त वाईट वाटतं.

आधी एक स्पष्ट सांगतो. वास्तुशास्त्र मी मानतो. माझी तीस वर्षं घरांचे नकाशे काढण्यात गेली आणि प्रत्येक नकाशावर उत्तरेचा बाण मी आधी काढला, भिंती मागाहून. म्हणूनच सांगतो, त्या शास्त्राच्या नावावर तुला जे सांगितलं आहे त्यातलं बरंचसं शास्त्रात नाही.

गेल्या आठवड्यात अंबाबाईचा किरणोत्सव झाला. तू लहानपणी माझ्या खांद्यावर बसून बघितला आहेस. नोव्हेंबरच्या ९, १० आणि ११ तारखेला आणि पुन्हा जानेवारीच्या अखेरीस-फेब्रुवारीच्या सुरुवातीला मावळतीचं ऊन महाद्वारातून थेट गाभाऱ्यात शिरतं आणि देवीच्या पायांपासून वर चढत जातं. देवी पश्चिमाभिमुख आहे. ज्यांनी ते देऊळ बांधलं त्यांनी सूर्य कुठल्या दिवसांत कुठे मावळतो हे बघून, मोजून बांधलं. वाटेत एखादं बांधकाम उंच झालं की किरण अडतो. मंडपात लोक श्वास रोखून उभे असतात आणि ऊन कमरेशीच थांबतं. दिशा म्हणजे हे असतं, छकुली. अमुक जागी, अमुक दिवसांत ऊन कुठून येतं, वारा कुठून वाहतो, पाणी कुठे उतरतं.

वराहमिहिराने सहाव्या शतकात बृहत्संहितेत घरासाठी ८१ पदांचा, म्हणजे खणांचा, चौकोन दिला. मधली ९ पदं ब्रह्मदेवाची, ती मोकळी ठेवायची. आपल्या वाड्यांमधला चौक तोच. बाहेरच्या कडेने ३२ पदं येतात आणि दार कुठल्या पदावर पडतं त्याप्रमाणे फळ सांगितलं आहे. दक्षिणेची सगळी पदं वाईट असं त्यात नाही. दक्षिण बाजूच्याच एका पदावरचं दार अन्नपाणी आणि मुलंबाळं वाढवणारं म्हटलं आहे. मग ‘दक्षिणेचं दार म्हणजे घात’ असं सरसकट कुणी म्हटलं, तर त्याने ग्रंथ उघडलेला नाही असं समज. उंबरठा बसवून घे, लाकडी चालेल, दगडी मिळाला तर उत्तम. पायऱ्यांवरची धूळ आत येणार नाही आणि संध्याकाळी रांगोळीचं बोट टेकवायला जागा होईल. पिरॅमिड विकत घेऊ नकोस.

आता खिडकी. ही गोष्ट मी तुझ्या आईलाही कधी नीट सांगितलेली नाही.

आपल्या जुन्या घरात आजीची खोली होती, तिला दक्षिणेला एक खिडकी होती. आजी सकाळचं आवरून त्या खिडकीपाशी सूप घेऊन बसायची. थंडीत ऊन तिच्या मांडीपर्यंत यायचं आणि ती तांदूळ निवडत, अधूनमधून गुडघ्यावरून हात फिरवत तासभर बसून राहायची. घरात लागोपाठ दोन आजारपणं झाली आणि असेच एक जाणकार म्हणवणारे गृहस्थ खिडकीकडे बोट दाखवून गेले. गवंडी मीच आणला. एका दिवसात विटा रचून गिलावा झाला. आजी काही बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून ती सूप घेऊन मागच्या दाराच्या पायरीवर जाऊन बसायला लागली, तिथे वाऱ्याने कोंडा तिच्याच तोंडावर उडायचा. दोन पावसाळ्यांत त्या भिंतीला लोणा लागला, हाताने पापुद्रे निघायचे. तिच्या ट्रंकेतल्या लुगड्यांना कुबट वास यायला लागला. मग मीच पुन्हा खिडकी फोडली. पण तोपर्यंत तिची उठबस थांबली होती.

त्या वेळी मी वयाने मोठा होतो आणि नकाशे काढत होतो. मला ऊन कळत होतं. आपल्याकडे डिसेंबरात सूर्य दुपारीही डोक्यावर येत नाही, दक्षिणेला कलून राहतो आणि त्याचं ऊन खिडकीतून आत हात-दोन हात येतं. मेमध्ये तो जवळजवळ माथ्यावर असतो, तेव्हा दीड-दोन फुटांचा सज्जाही दक्षिणेची खिडकी सावलीत ठेवतो. म्हणजे थंडीत ऊब देणारी आणि उन्हाळ्यात न तापणारी खिडकी कुठली असेल, तर ही. तुझ्या सासूबाईंना संधिवात आहे. त्यांचा पलंग त्या खिडकीशी लाव, उशी दक्षिणेला किंवा पूर्वेला ठेव. उत्तरेला डोकं करू नये हे आपल्यात मानतात, मीही करत नाही. रक्तातलं लोह आणि चुंबक वगैरे जे सांगतात त्यावर मात्र माझा भरवसा बसलेला नाही. घरातल्या मोठ्या माणसाला बरं वाटतं, एवढं कारण मला पुरतं.

नैऋत्येला वजन असावं म्हणतात. वराहमिहिरानेही तिथे भांडीकुंडी, सामानसुमान सांगितलं आहे. दुपारनंतरचं तापलेलं ऊन आणि पावसाची झड त्याच बाजूने येते, म्हणून जाड भिंती आणि अडगळ तिकडे. तुझं मोठं लोखंडी कपाट सासूबाईंच्या खोलीत पश्चिमेच्या भिंतीकडे जाऊ दे. पण भिंतीला चिकटवू नको. चार बोटं जागा सोड आणि खाली लाकडी ठोकळे दे. तुझ्या मामीची पैठणी अशाच चिकटवलेल्या कपाटात ठेवली होती. श्रावणात घडी उलगडली तर पदरावरच्या मोरांवर पांढरी बुरशी चढलेली.

स्वयंपाकघर फोडायचं नावही काढू नका. बहुमजली इमारतीत सगळ्यांची स्वयंपाकघरं एकावर एक असतात, कारण पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या नळ्या उभ्या जातात. तुझी मोरी हॉलमध्ये आली की ती खालच्यांच्या बैठकीच्या डोक्यावर आली. उतार मिळवायला जमीन उचलावी लागणार, स्लॅबला छिद्रं पडणार आणि दुसऱ्या पावसाळ्याच्या आत खालच्या काकू ओल दाखवायला वर येणार. शेजाऱ्याच्या घरात ओल सोडून आपल्या घराची वास्तू सुधारली, असं कुठलं शास्त्र म्हणेल?

आग्नेय कोपरा मिळत नसेल तेव्हा वायव्येचं स्वयंपाकघर चालतं असं जुनी माणसंही सांगत. आग्नेयेचं कारण सोपं आहे. सकाळचं ऊन ओट्यावर येतं, संध्याकाळी भट्टी होत नाही आणि पश्चिमेचा वारा धूर घरात न आणता बाहेर नेतो. तुझ्याकडे हा वारा उलटा, फोडणी थेट हॉलमध्ये आणेल. त्यावर उपाय भिंत पाडणं हा नाही, चांगला एक्झॉस्ट फॅन हा आहे. आणि घराला जे लागू तेच खोलीला. खोलीच्याच आग्नेय कोपऱ्यात शेगडी ठेव, पूर्वेकडे तोंड येईल. पाठीमागे पश्चिमेची खिडकी राहील म्हणून कढईत तुझीच सावली पडेल, तेव्हा शेगडीवर एक दिवा लावून घे. चिरायचं-निवडायचं उत्तरेच्या खिडकीशी कर, तिथला उजेड दिवसभर एकसारखा असतो. सिंक आणि पिण्याचं पाणी त्याच खोलीच्या ईशान्येला. डाळ-तांदळाचे डबे आतल्या, हॉलकडच्या भिंतीला. वायव्येला धान्य सांगितलं आहे खरं, पण पश्चिमेची भिंत पावसात भिजते.

देव तुमच्या खोलीत ठेवायचं मन होत नसेल तर हॉलच्या ईशान्य कोपऱ्यात देवघर कर. संडासाची सामाईक भिंत तेवढी टाळ आणि समईजवळ पडदा नको. हॉलच्या मध्ये काचेचं टेबल, सोफ्याचा तो तिसरा तुकडा, काही ठेवू नको. चार माणसं मांडी घालून बसतील एवढी जागा मोकळी असू दे.

पण या सगळ्याआधी एक काम कर. त्या गृहस्थांनी दिशा मोबाइलवर पाहिल्या. स्लॅबमध्ये लोखंडी सळ्या असतात, फ्रिज असतो, काटा फिरतो. तू गच्चीवर जा. एक वीतभर काठी ओळंब्यात सरळ उभी कर, तिच्या दुप्पट लांबीच्या दोऱ्याने खडूचं वर्तुळ काढ. सकाळी पावणेनऊच्या सुमारास सावलीचं टोक वर्तुळाला जिथे शिवेल तिथे खूण कर. दुपारी चारच्या आधी ते दुसऱ्या बाजूला पुन्हा शिवेल, तिथेही कर. दोन्ही खुणा जोडणारी रेघ म्हणजे पूर्व-पश्चिम. देवळं बांधणारे या काठीला शंकू म्हणत. दुपारी बारा-वीसच्या सुमारास सावली सगळ्यात आखूड असेल, तेव्हा ती बरोबर उत्तरेकडे बोट दाखवेल. जावईबापूंनाही बरोबर घे. रविवारी दोघांनी मिळून हे केलंत की घर तुमच्या ओळखीचं होईल.

मग रिकाम्या घरात चटई टाकून एक दिवस बसा. ऊन कुठल्या फरशीवरून कुठल्या फरशीवर सरकतं ते खडूने मांडा. सुताराला त्यानंतरच बोलवा.

वास्तुशांत जरूर करा, तारीख तुझ्या आईला विचारून काढतो. वास्तुपुरुष आग्नेयेला ठेवतात, तुमची फरशी उखडायची नसेल तर गुरुजींना आधीच सांग, ते मार्ग काढतात. वास्तू ‘तथास्तु’ म्हणते असं आजी सांगायची आणि तिन्हीसांजेला कुणाला वाकडं बोलू द्यायची नाही. त्या घरात बसून ‘हे घर लाभायचं नाही’ असं पुन्हा म्हणू नकोस, एवढं माझं ऐक.

मी २१ तारखेच्या गाडीने येतोय. ओळंबा आणि मोजपट्टी माझी आणतो. आजीचं सूप अजून माळ्यावर आहे, वेत दोन ठिकाणी सुटलाय, तो बांधून घेतला की तेही आणेन. सासूबाईंच्या पलंगाची लांबी-रुंदी आणि दक्षिणेच्या खिडकीची जमिनीपासूनची उंची मोजून कळव.

तुझा,
मामा