काट्याची साक्ष

अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात धुरावरून अग्नीचे अनुमान शिकवतात. इंजिनात मात्र धूर दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून काटा हवा. पण काट्यालाही मर्यादा आहे, हे आम्हांस जळगाव जिल्ह्यात रावेरकडे कळले.

तेथील यजमानांनी केळीच्या ओळींतून चालणाऱ्या आपल्या जुन्या, लहान ट्रॅक्टरवर पाण्याच्या उष्णतेचा मीटर बसवून घेतला. सालदारास म्हणाले, "आता रोज झाकण उघडून पाणी बघत बसू नको, काट्यावर नजर ठेव." वैशाखात रबरी नळी फुटली, पाणी गळाले, इंजिन जाम झाले. काटा थंडच! यजमानांनी सालदाराची मजुरी अडकवली आणि आम्हांस विचारले, "महाराज, यात पाप आहे का?"

मंडळी, मीटरचे टोक पाण्यात बुडालेले असेल तरच ते पाण्याची उष्णता सांगते. पाणीच गेले की ते हवेत उघडे पडते. मग काटा चढेलच असा नेम नाही. शास्त्रात यास आश्रयासिद्ध म्हणतात, आकाशातल्या कमळाचा सुगंध सांगावा तसे. (नाम सुटले आणि माळ गळ्यात राहिली, तर पाहणाऱ्यास काय कळणार?)

सकाळी इंजिन गार असता झाकण उघडून पाणी पाहणे, जाळीतला पाचोळा काढणे, ही कामे मीटरने संपत नाहीत. सालदाराने ती सोडली खरी. पण कोणाच्या सांगण्यावरून? "पैसे त्याचे आहेत," आम्ही म्हणालो. यजमान रुसले. त्या रात्री टाळकऱ्यांत सालदार दिसला नाही, आणि आमचे चित्त निरूपणात लागले नाही.