गुण, अधिकार आणि स्वधर्म

कऱ्हाडचे कृष्णा वैद्यकीय महाविद्यालय किंवा 1962 साली सुरू झालेले मिरजेचे शासकीय महाविद्यालय डोळ्यांसमोर ठेवणाऱ्या सातारा-सांगलीच्या विद्यार्थ्याला 720 गुणांच्या ‘नीट’ परीक्षेत कमी गुण मिळाले, तर त्याचा रुग्णसेवेचा अधिकारच संपतो काय, हा प्रश्न तत्त्वज्ञानाचाही आहे. मीमांसाशास्त्रात ‘अधिकार’ म्हणजे कर्म करण्याची पात्रता, आणि तिला इच्छा, सामर्थ्य व ज्ञान या तिन्हींचा आधार लागतो. परीक्षा त्यांतील ज्ञानाचाच अंदाज घेते, मात्र ज्याच्या हाती प्राण सोपवायचे त्याच्या ज्ञानाची कसोटी सैल करणेही धर्म्य ठरत नाही. म्हणून पुन्हा परीक्षा देणे योग्य असले, तरी केवळ प्रतिष्ठेसाठी जमीन विकून जागा मिळवणे हा स्वधर्म, म्हणजे स्वभावाला अनुसरणारे कर्तव्य, नव्हे. चरकसंहितेने चिकित्सेचे वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी असे चार पाद मानले असून, वैद्याला प्रमुख म्हणतानाच परिचारकाची दक्षता व रोग्याविषयीचा अनुराग हेही गुण म्हणून सांगितले आहेत. तेव्हा ज्याला रोग्याचे दुःख दूर करायचे आहे, तो परिचर्या किंवा औषधनिर्माणशास्त्र निवडूनही ध्येयापासून ढळत नाही, आणि ज्याला केवळ पदवी हवी आहे, त्याला पूर्ण गुणही तेथवर नेऊ शकत नाहीत.