खिडकी कुणासाठी?

अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात, फोर्ट हुआचुका या लष्करी तळाला लागून सिएरा व्हिस्टा हे छोटं शहर आहे. 1975 साली तिथल्या जवानांना एक नियम होता: अंगावर कामाचा गणवेश असेल तर तळाबाहेर गाडीतून खाली उतरायचं नाही. उतरायचंच नाही, तर दुकानात शिरून बर्गर कसा घेणार? तिथल्या मॅकडोनाल्ड्सने मग भिंतीला एक सरकती खिडकी पाडली. जवान गाडीतूनच पैसे द्यायचा, पिशवी घ्यायचा आणि पुढे निघायचा. अशा खिडक्या अमेरिकेत आधीपासून होत्या, इन-एन-आउट या बर्गरच्या साखळीची तर 1948 सालची. पण मॅकडोनाल्ड्सची ही पहिली, आणि ती ज्यांना उतरायची मुभा नव्हती त्यांच्यासाठी उघडली होती.

ऑगस्ट 2019 मध्ये मिनियापोलिस शहराच्या नगर परिषदेने अशा नव्या खिडक्यांना बंदी केली. बर्गरची दुकानं, बँका, औषधांची दुकानं, सगळ्यांनाच. जुन्या खिडक्या तेवढ्या चालू राहिल्या. चालू इंजिनांचा धूर, गोंगाट आणि कचरा ही कारणं होतीच, पण मुख्य मुद्दा चालणाऱ्यांचा होता. खिडकीकडे जाणारी गाडी फुटपाथ ओलांडून आत शिरते आणि ओलांडूनच बाहेर पडते. बाबागाडी ढकलत निघालेल्या आईला तिथे थांबावं लागतं, मान वळवून बघावं लागतं, ड्रायव्हरची नजर आपल्यावर पडली की नाही याचा अंदाज घ्यावा लागतो. ड्रायव्हरची नजर मात्र बहुधा रस्त्यावरच्या गाड्यांमध्ये फट शोधत असते. मिनियापोलिस यात पहिलं नव्हे. कॅलिफोर्नियातल्या सान लुईस ओबिस्पोने 1982 मध्येच ही बंदी घातली होती.

प्रश्न वरवर नगररचनेचा दिसतो, मुळात तो नीतीचा आहे. एखाद्याची सोय आणि एखाद्याची गरज यांतला फरक कायद्याने कसा ओळखायचा? गाडीच्या काचेआड बसलेला माणूस थकलेला आहे, आळसावलेला आहे की त्याला पायच हलवता येत नाहीत, हे नगर परिषदेला कुठून दिसणार?

म्हणूनच बंदीवरचा सगळ्यांत गंभीर आक्षेप अपंगांच्या बाजूने येतो. व्हीलचेअर गाडीतून काढायची, उघडायची, तिच्यात बसायचं, दुकानाचं जड दार ढकलायचं आणि परतताना हेच सगळं उलट्या क्रमाने करायचं. मिनियापोलिसच्या जानेवारीत, पारा शून्याखाली 20 अंशांवर गेलेला असताना. त्या माणसाला खिडकी म्हणजे चैन नाही. हा आक्षेप बाजूला सारून बंदीचं समर्थन करणं निर्दयपणाचं होईल.

पण याच खिडकीची दुसरी बाजूही कोर्टात गेली आहे. 2016 मध्ये लुइझियानातल्या एका अंध माणसाने मॅकडोनाल्ड्सवर दावा लावला. रात्री उशिरा आतलं दालन बंद होतं, फक्त खिडकी चालू राहते आणि पायी आलेल्याला तिथे काही मिळत नाही. अंध माणूस गाडी चालवू शकत नाही. म्हणजे दिवे लागलेले, आत स्वयंपाक चाललेला, आणि हा हातात पैसे घेऊन बाहेर उभा. एका अपंगत्वाला वाट करून देणारी खिडकी दुसऱ्या अपंगत्वासाठी भिंत झाली होती.

आणखी एक गोष्ट रांगेत उभं राहिल्यावर कळते. पुढच्या दहा गाड्यांमधल्या दहाही जणांना सहज उतरता आलं असतं, आणि ज्याला खरोखर उतरता येत नाही त्याची गाडी अकरावी असते. सवलतीची सवय झाली की असंच होतं. गरजवंताचं नाव पुढे करून सोय मागितली जाते, आणि त्याच सोयीच्या गर्दीत तो मागे पडतो. मिनियापोलिसचा निर्णय त्यामुळे योग्यच वाटतो, पण अर्धा. खिडकी बंद करणाऱ्याच कायद्याने दुकानदाराला दारापाशी एक राखीव जागा ठेवायला लावावी, आणि तिथून फोन आला की कामगाराने पिशवी गाडीपर्यंत नेऊन द्यावी. नवी इमारत बांधणाऱ्याला हे अवघड नाही.

गरज ठरवायची कुणी, हा प्रश्न धर्माच्या दारातही येऊन गेला. 2020 च्या ईस्टरला, करोनाच्या साथीत, केंटकीतल्या लुईव्हिल शहराच्या महापौरांनी गाडीत बसून करायच्या सामूहिक प्रार्थनांना मनाई केली. एका चर्चने दाद मागितली आणि फेडरल न्यायाधीशांनी मनाईला स्थगिती दिली. दारूच्या दुकानांच्या अशाच खिडक्या चालू आहेत, मग गाडीतल्या प्रार्थनेनेच काय बिघडतं, असा त्यांच्या निकालाचा रोख होता.

त्या चर्चच्या कितीतरी आधी कॅलिफोर्नियात सोय आणि गरज यांच्या या पेचाचं एक उत्तर विटा-काचांमध्ये उभं राहिलं होतं. 1955 मध्ये रॉबर्ट शुलर या धर्मोपदेशकाने ऑरेंज शहराजवळच्या, गाडीत बसून सिनेमा बघायच्या ड्राइव्ह-इन थिएटरमध्ये, खाऊच्या दुकानाच्या छपरावर उभं राहून प्रवचनं सुरू केली. लोक आपापल्या गाडीत बसून स्पीकरवर ऐकायचे. पुढे रीतसर चर्च बांधायची वेळ आली. पक्षाघाताने अधू झालेल्या एका बाईला तिचा नवरा दर रविवारी गाडीतून आणत असे, आणि तिच्यासाठी गाड्यांची सोय मोडवली नाही, असं शुलर सांगत. वास्तुशिल्पी रिचर्ड नॉयट्रा यांनी 1961 मध्ये गार्डन ग्रोव्हला जी वास्तू उभारली, तिची एक बाजू काचेची होती. ती काच सरकवली की बाकांवरचे आणि वाहनतळावरचे भाविक एकाच वेळी एकाच माणसाला पाहू शकत. ज्यांना चालता येई ते गाडी लावून आत जाऊन बसत, आणि ज्यांना चालता येत नसे ते गाडीतूनच तेच प्रवचन त्याच क्षणी ऐकत.