अरण्याचें स्वाभाविक रूप

लंडनच्या ईशान्येस एपिंग फॉरेस्ट नांवाचें सुमारें सहा हजार एकरांचें अरण्य आहे. बीच, ओक व हॉर्नबीम हे तेथील मुख्य वृक्ष. त्यांतून काळसर हरिणें हिंडतात. १८७८ सालीं पार्लमेंटनें कायदा करून तें लंडन शहराच्या कॉर्पोरेशनच्या स्वाधीन केलें व लोकांस कायमचें मोकळें ठेविलें. अरण्याचें स्वाभाविक रूप होतां होईल तों राखावें, असें कर्तव्य त्या कायद्यानें रक्षकांवर घातलें आहे. शब्द ऐकावयास गोड आहेत. त्यांचा अर्थ करूं लागलें म्हणजे मात्र पंचाईत होते.

कारण हें रूप कुऱ्हाडीनें घडविलेलें होतें. आसपासच्या गांवकऱ्यांस जळणासाठीं फांद्या तोडण्याचा पूर्वापार हक्क होता. गुरांचें तोंड पोंचणार नाहीं इतक्या उंचीवर छाटावयाचें, आणि दहापंधरा वर्षांनीं त्याच जागीं पुन्हां छाटावयाचें. अशा झाडाचा बुंधा गांठाळ व पोकळ होत जातो, पण तें न छाटलेल्या झाडाहून पुष्कळ अधिक जगतें. छाटणीनंतर जमिनीवर ऊन पडे, गवत व हेदर उगवे. पोकळ बुंध्यांत कुजक्या लांकडावर जगणारे दुर्मिळ भुंगेरे राहत. राबासाठीं ऐनाचे डहाळे तोडणारा आमचा कोंकणांतील शेतकरी ही रीत पाहतांच ओळखील.

याच हक्कापायीं लाउटन गांवच्या टॉमस विलिंगेलच्या घरांतील माणसें १८६६ मध्यें तुरुंगांत गेलीं, आणि जमीनदारांच्या कुंपणांविरुद्धचा लढा पेटला. लढा जिंकला, हक्क मात्र मोबदला देऊन संपविण्यांत आला. त्या पैशांतून गांवांत १८८४ सालीं लॉपिंग हॉल नांवाचें सभागृह उभें राहिलें. जळणाच्या बदल्यांत व्याख्यानें! व्याख्यानांवरच पोट भरणाऱ्या आमच्यासारख्यांनीं याहून अधिक न बोललेलें बरें.

छाटणी थांबली तेव्हां फांद्या झाडाएवढ्या जाड झाल्या, छाया दाटली, खालचें हेदर मेलें, आणि माथ्याच्या भारानें जुने बुंधे फाटूं लागले. आतां कोणी म्हणतात, हेंच स्वाभाविक. माणसानें हात काढून घ्यावा. मनुष्याच्या हातानें इतकीं अरण्यें उजाड झालीं आहेत कीं हा संशय अनाठायीं नाहीं. तरीही आम्हांस हें मत पटत नाहीं. ज्या जिवास पिढ्यानुपिढ्या आपण आपल्या हाताची संवय लाविली, त्याला एके दिवशीं सोडून देणें यास संयम म्हणावें कीं टाकून देणें? आणि रविवारीं फिरावयास येणारा पाहुणा जर या रूपाचा वाटेकरी, तर ज्याची चूल त्यावर पेटत होती तो परका कसा?

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत रक्षकांनीं छाटणी पुन्हां हातीं घेतली. परंतु शंभर वर्षांचा खंड पडलेला. तेथें अशीं जुनीं छाटीव झाडें सुमारें पन्नास हजार आहेत. म्हाताऱ्या बीचवर कुऱ्हाड जोरानें पडली तर तो फुटवा न धरतां वाळून जातो. न छाटावें तर वादळांत उभा चिरतो. म्हणून एकेका झाडापाशीं उभें राहून, यंदा किती फांद्या काढावयाच्या आणि किती ठेवावयाच्या, हें त्यांस ठरवावें लागतें.